संपलेला गेम परत लावायचा तर आधी तयारी करा: नागपूरच्या उन्हाळ्यातली माझी रिप्ले पद्धत

दरवर्षी मे लागला की माझ्या पीसीवर जीटीए व्हाइस सिटी हा जुना गेम परत चढतो. बाहेर पारा ४५ च्या वर, दुपारी प्रतापनगरच्या रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, कूलर एकसुरात घुमत असतो आणि मी गेमच्या हिरोला, टॉमी व्हर्सेटीला घेऊन तिथल्या ओशन बीचवर. भाचा इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, सुट्टीत माझ्याकडेच पडलेला असतो. मागच्या वर्षी त्याने दारातूनच विचारलं, "मामा, हा गेम तर तू माझ्या जन्माच्या आधीपासून खेळून राहिला ना? संपलेला गेम परत काहून लावतो?"

त्याला समजावता समजावता लक्षात आलं की इतक्या वर्षांत माझी एक पद्धतच बसून गेली आहे. आजूबाजूचे पोट्टे काय करतात, एखाद्या रात्री जुनी आठवण येते, गेम टाकतात, पाऊण तास खेळतात, स्क्रीन ताणलेली दिसते, पॅड चालत नाही, "पहिलेसारखी मजा नाही राहिली यार" म्हणतात आणि उडवून टाकतात. मजा कुठे गेलेली नसते, तयारीच झालेली नसते. म्हणून हे सगळं एकदाचं लिहून काढतो, लांबेल थोडं.

आठवण कशाची येऊन राहिली ते आधी पाहा

गेम निवडायच्या आधी डोळे मिटा आणि त्या गेममधलं पहिले काय डोळ्यासमोर येतं ते बघा. सगळी निवड इथेच होते.

जागा आठवली, म्हणजे व्हाइस सिटीतला गुलाबी सूर्यास्त, स्कायरिममधला बर्फ, स्टारड्यू व्हॅलीतलं आपलं शेत, तर तुम्हाला तिथे राहायला जायचं आहे. असा गेम मिशनच्या मागे धावत खेळला तर वाया जातो. एक दिवस नुसती गाडी फिरवा, रेडिओ ऐका, पुढचं पुढे.

बोटं आठवली, म्हणजे कॉन्ट्रामधली उडी, मॅक्स पेनमधलं हवेत झेपावत गोळ्या झाडणं, मोस्ट वाँटेडमधे पोलिसांना चकवून काढलेलं वळण, तर तुम्हाला हाताचं काम पाहिजे. इथे लेव्हल कठीण ठेवा, सोप्यावर पाचव्या मिनिटाला जांभई येते.

गोष्ट आठवली तर जरा सांभाळून. शेवट माहीत असलेली गोष्ट दुसऱ्यांदा तेवढी चढत नाही, अपवाद ज्या गोष्टीला खरे फाटे आहेत तिचा. विचर २, २०११ चा, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण, पहिल्या भागाच्या शेवटी तुम्ही रोशच्या बाजूने गेले की योरवेथच्या यावर पुढचा अख्खा भाग बदलतो, जागा वेगळी, माणसं वेगळी. एकदाच खेळून सोडलेल्या माणसाने गेमचा मोठा तुकडा पाहिलेलाच नसतो. १९९८ चा रेसिडेंट ईव्हिल २ पण तसाच, लिऑनने एकदा आणि क्लेअरने एकदा. आणि प्रिन्स ऑफ पर्शियाच्या वॉरियर विदिनमधे तर नऊच्या नऊ लाइफ अपग्रेड गोळा केल्याशिवाय खरा शेवटच दिसत नाही, हे मला गेम संपवून चार वर्षांनी कळलं. चार वर्षं मी चुकीचा शेवट लोकांना सांगत फिरलो.

चौथा प्रकार म्हणजे दर वेळी नवीन पत्ते वाटणारे गेम, हेडीज, स्ले द स्पायर, एज ऑफ एम्पायर्स २ चा रँडम मॅप. हे बनवलेच परत परत खेळायला आहेत. हेडीजमधे मेलं की घरी परत येता आणि घरातली मंडळी दर वेळी काहीतरी नवीन बोलतात, त्यामुळे मेल्याचं फार वाईट वाटत नाही. ऑफिसमधून थकून आलेल्या माणसाला हाच प्रकार सगळ्यात बरा, अर्ध्या तासात एक डाव उरकतो.

आणि डोळे मिटल्यावर गेमच्या ऐवजी मित्रच आठवला तर? माझं काउंटर स्ट्राइकचं असं आहे. डस्ट टू म्हटलं की मला मॅप आठवत नाही, कॉलेजच्या मागचा कॅफे आठवतो, तासाला २० रुपये, आणि बाजूच्या मशीनवरून "अबे बी वर ये ना बे" ओरडणारा आमचा एक जण. तो गेम मी दोनदा परत टाकून पाहिला, दोन्ही वेळी अनोळखी लोकांनी दहा सेकंदांत उडवलं. अशा वेळी गेम नका टाकू, त्या मित्राला फोन करा.

गेम आणायचा कुठून

जुन्या सीड्या असतील तर जपून ठेवा, पण त्या चालतीलच असं धरून चालू नका. त्या काळातल्या बऱ्याच सीड्यांवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं आणि विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने त्याचा आधारच काढून टाकला, त्यामुळे सीडी एकदम स्वच्छ असली तरी गेम उघडत नाही. लोक ड्राइव्हला शिव्या देतात, ड्राइव्ह बिचारा ठीक असतो.

सरळ रस्ता म्हणजे स्टीम किंवा जीओजी, गेम विकणारी ऑनलाइन दुकानं. जुन्या गेमसाठी मी पहिले जीओजीवर पाहतो, कारण तिथला गेम बहुतेक वेळा नवीन विंडोजवर चालेल असा करून दिलेला असतो, कुलूप नसतं, आणि इन्स्टॉलरची फाइल उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवता येते. स्टीमची सोय वेगळी, विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. जुना गेम घेतला की पहिला अर्धा तास फक्त तपासायला वापरा, स्क्रीन, आवाज, पॅड, सेव्ह, सगळं. नाही जमलं तर परत करा. तपासायचं सोडून कहाणीत रमलात आणि दोन तास उलटले की मग गेले पैसे.

आवडता गेम आज दुकानात आहे म्हणून उद्याही असेल असं काही नाही. २०२१ मधे जीटीएच्या तीन जुन्या गेमची नव्याने सजवलेली डेफिनिटिव्ह एडिशन आली तेव्हा जुनी व्हाइस सिटी स्टीमच्या विक्रीतून काढली होती, ज्यांच्या लायब्ररीत आधीपासून होती त्यांच्याकडे ती राहिली. गाण्यांचे परवाने संपल्यामुळे नंतरच्या कॉप्यांमधून रेडिओवरची काही गाणीही गेली. मला तर तो गेम म्हणजे अर्धा रेडिओच, फ्लॅश एफएम लावून समुद्राच्या कडेने जाणं, म्हणून माझी जुनी कॉपी मी दोन ठिकाणी ठेवली आहे. नवीन चकचकीत आवृत्ती वाईट आहे असं नाही म्हणत, पण आठवणीतला गेम आणि रिमास्टर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कोणती पाहिजे ते ठरवून पैसे टाका.

आता तो नीट चालवायचा

इथे सगळ्यात जास्त लोक गळतात म्हणून जरा सविस्तर.

एक, जुना गेम प्रोग्राम फाइल्समधे टाकू नका. डी ड्राइव्हवर गेम्स नावाचं फोल्डर करा, त्यात टाका. प्रोग्राम फाइल्समधे विंडोज जुन्या गेमला लिहू देत नाही आणि त्याच्या फाइली गुपचूप अ‍ॅपडेटामधल्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमधे वळवून टाकतं, मग तुम्ही सेटिंग बदलत बसता आणि काहीच बदलत नाही.

दोन, काही करायच्या आधी पीसीगेमिंगविकी या वेबसाइटवर त्या गेमचं पान वाचा. कोणता फिक्स लागतो, सेव्ह कुठे पडतात, वाइडस्क्रीन कसा करायचा, सगळं एका जागी आहे. मी पहिली काही वर्षं व्हिडिओ बघून करायचो, वीस मिनिटांच्या व्हिडिओत अठरा मिनिटं चॅनल सबस्क्राइब करा. पान वाचा.

तीन, फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला स्क्रीनवर किती चित्रं येतात ते. हे नीट समजून घ्या कारण जुन्या गेमची अर्धी दुखणी इथूनच येतात. त्या काळात बऱ्याच गेमची चाल फ्रेमला बांधलेली असायची. व्हाइस सिटीच्या डिस्प्ले सेटिंगमधे फ्रेम लिमिटर नावाचा पर्याय आहे, तो चालू असला की गेम साधारण ३० फ्रेमवर चालतो, थोडा अडखळल्यासारखा दिसतो, म्हणून लोक तो बंद करतात. बंद केला की आजच्या मशीनवर गेम सुसाट सुटतो आणि मग गाड्या विचित्र वागतात, काही मिशन उगाच कठीण होतात. लिमिटर चालूच ठेवा, आणि व्हाइस सिटी, सॅन अँड्रियाससाठी सायलेंटपॅच नावाचा फिक्स टाका, गेमचा चेहरा न बदलता जुन्या चुका तेवढ्या दुरुस्त करतो. मोस्ट वाँटेडला वाइडस्क्रीन फिक्स टाका, नाहीतर गाड्या लांबट दिसतात.

विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळातले गेम, डेव्ह वगैरे, डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्राममधे चालवा. गेमची फाइल माउसने ओढून डॉसबॉक्सच्या आयकॉनवर सोडली तरी सुरू होतो. वेग जास्त वाटला तर कंट्रोल आणि एफ ११ दाबून कमी करा, कंट्रोल आणि एफ १२ ने वाढतो. अल्ट आणि एंटरने पूर्ण स्क्रीन. बस, तेवढंच लागतं. अगदीच जुने थ्रीडी गेम काळी स्क्रीन दाखवत असतील तर डीजीवूडू २ कामाला येतं, ते जुन्या डायरेक्टएक्सची भाषा नवीन कार्डला समजावून सांगतं.

चार, आणि हे खास आपल्या नागपूरकरांसाठी. जुना गेम हलका असतो म्हणून मशीन थंड राहील असं वाटतं ना? उलटं होतं. फ्रेमला मर्यादा नसली की कार्ड साध्या मेनूवर सुद्धा सेकंदाला शेकडो फ्रेम काढत बसतं, पंखा किंचाळायला लागतो, आणि मे मधे खोलीचंच तापमान एवढं असतं की कॅबिनेटला आत ओढायला थंड हवा मिळतच नाही. ज्या गेममधे लिमिटर नाही तिथे ग्राफिक कार्डच्या कंट्रोल पॅनेलमधे जाऊन फ्रेमची कमाल मर्यादा ६० लावा, व्हीसिंक, म्हणजे स्क्रीनच्या वेगाशी फ्रेम जुळवणारा पर्याय, चालू करा. फरक लगेच आवाजातच कळतो.

कूलरचं तोंड कॅबिनेटकडे कधीच करू नका. एका उन्हाळ्यात मी हे शहाणपण केलं होतं, गार वाटेल म्हणून कूलर टेबलाच्या थेट मागे लावला, १५ दिवसांनी कॅबिनेट उघडलं तर आत धुळीचा ओला चिखल बसलेला, कार्डाच्या पट्टीवर पांढरे डाग. कूलर खिडकीत, मशीन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे. आणि उन्हाळा सुरू व्हायच्या आधी एकदा ब्लोअरने धूळ काढून घ्या, ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती गरगर फिरून खराब होतात.

दुपारी लाइट जाते हे धरूनच चाला. छोटा यूपीएस असला तर खेळत राहायला नाही, सेव्ह करून बंद करायला वापरा. सेव्ह होत असताना लाइट गेली तर ती फाइल मरते, कधी कधी गेम मग त्या स्लॉटला हात लावला की बंद पडतो.

सेव्ह

हे मी रडून शिकलो आहे. सॅन अँड्रियासमधे माझं ८७ टक्के झालं होतं, दोन उन्हाळे लागले होते त्याला. पीसी स्लो झाला म्हणून एका दुकानात फॉरमॅटला दिला, तिथला मुलगा म्हणाला, "दादा, डी ड्राइव्हला हात नाही लावत, डेटा सेफ आहे." गेम डी वर होता म्हणून मी पण निवांत. घरी आणून पाहतो तर सगळे स्लॉट रिकामे. कारण गेम डी वर असला तरी त्याचे सेव्ह डॉक्युमेंट्समधल्या जीटीए सॅन अँड्रियास यूजर फाइल्स या फोल्डरमधे असतात, आणि डॉक्युमेंट्स सी वर. त्या मुलाची चूक पण नाही म्हणता येत, त्याने बोलल्याप्रमाणे डी ला हात लावला नव्हता.

तर करायचं असं. गेम टाकल्याच्या पहिल्या दिवशीच त्याचं सेव्हचं फोल्डर शोधा. बहुतेक वेळा डॉक्युमेंट्समधे त्या गेमच्या नावाने, नाहीतर अ‍ॅपडेटामधे, नाहीतर गेमच्याच फोल्डरमधे. सापडत नसेल तर एक नवीन सेव्ह करा आणि फोल्डर तारखेप्रमाणे लावून आत्ताच बदललेली फाइल कोणती ते पाहा. एक भानगड अशी की विंडोज बऱ्याचदा तुमचं डॉक्युमेंट्स न विचारता वनड्राइव्हमधे हलवून ठेवतं, त्यामुळे दोन डॉक्युमेंट्स दिसतात आणि आपण चुकीच्यात शोधत बसतो.

सापडलं की त्याची कॉपी पेनड्राइव्हवर, फोल्डरच्या नावात तारीख आणि कुठपर्यंत आलो ते, म्हणजे "मे १२, पूल उघडला" असं. दर रविवारी एकदा. मी तर रविवारी सकाळी तर्री पोहे आणायला निघायच्या आधी कॉपी लावून जातो, सवय होऊन गेली.

स्टीमच्या क्लाउडवर सगळं सोडू नका. सगळ्या जुन्या गेमना क्लाउड नसतं, स्टोअरच्या पानावर स्टीम क्लाउड असं लिहिलेलं असेल तरच असतं. आणि दोन मशीनवर खेळत असाल तर कधीतरी ते विचारतं की इथला सेव्ह ठेवू की क्लाउडवरचा, तेव्हा घाईत बटण दाबू नका, तारीख वाचा. आणि एकाच स्लॉटवर चढवत राहू नका, व्हाइस सिटी आठ स्लॉट देते तर आठही वापरा.

या वेळी काय वेगळं?

रिप्लेचा जीव इथे आहे. गेम तोच असेल तर एक गोष्ट तुम्ही बदलायची. एकच. तीन-चार नियम एकदम लावले की चौथ्या दिवशी तो गेम नाही, उपास होतो.

काही गेम हा बदल स्वतःच देतात, आपण पाहत नाही फक्त. टीव्ही गेमच्या कॅसेटवर आपण सगळ्यांनी मारियो खेळला, पण राणी सोडवल्यावर गेम परत सुरू केला तर साध्या गुंबांच्या जागी कडक पाठीची कासवं येतात हे किती जणांनी पाहिलं? आठ जग, ३२ लेव्हल, आपण सगळे दुसऱ्या लेव्हलच्या छतावरून वार्प झोनमधे, म्हणजे थेट पुढच्या जगात नेणाऱ्या पाइपांकडे, पळायचो. एकदा वार्प न वापरता ३२ च्या ३२ करून बघा. कॉन्ट्रामधे वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए न दाबता, म्हणजे ३० ऐवजी ३ लाइफवर. मी अजून दुसऱ्या बेसच्या पुढे लाज वाटेल एवढ्या वेळा मेलो आहे.

मॅक्स पेन, २००१ चा, या बाबतीत लय समजून बनवलेला आहे. पहिल्यांदा संपवला की हार्ड बॉइल्ड आणि न्यूयॉर्क मिनिट हे खेळायचे नवीन प्रकार उघडतात, हार्ड बॉइल्ड संपवला की डेड ऑन अरायव्हल, ज्यात एका भागात फक्त सातच सेव्ह करता येतात. सात सेव्ह म्हटलं की माणूस एकदम वेगळा खेळतो, दार उघडायच्या आधी थांबतो, गोळ्या मोजतो. न्यूयॉर्क मिनिटमधे घड्याळ उलटं पळतं आणि माणूस मारला की सेकंद वाढतात, तिथे थांबायचं नावच नाही. एकच गेम, एकच गल्ल्या, आणि दोन्हीकडे तुमचा स्वभाव वेगळा. आयजीआयला तर नियम लावायचीही गरज नाही, मिशनच्या मधे सेव्हच नाही, शेवटच्या टॉवरवरचा स्नायपर दिसला नाही की पहिल्यापासून चालत या.

पोकेमॉनवाल्यांचा नझलॉक हा नियम माहीत असेलच, दर भागात पहिला दिसेल तोच पकडायचा आणि जो बेशुद्ध पडला तो मेला, परत वापरायचा नाही. लहानपणी ज्यांना कधी टोपणनाव दिलं नव्हतं त्या पोकेमॉनना आपण टोपणनावं द्यायला लागतो आणि मग ते मेले की खरंच वाईट वाटतं. एज ऑफ एम्पायर्सला माझा नियम साधा, संस्कृती रँडम, मॅप ब्लॅक फॉरेस्ट नाही. ब्लॅक फॉरेस्टवर झाडांच्या मागे दोन तास भिंती बांधत बसायची सवय लागली होती, ती मोडायला हा नियम. स्ले द स्पायरला असेन्शन नावाच्या, दर वेळी जास्त कठीण होणाऱ्या वीस पायऱ्याच दिलेल्या आहेत, एक एक चढा.

वेळ लावून खेळायचं असेल तर लाइव्हस्प्लिट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, टप्प्याटप्प्याने वेळ मोजतं. जगात लोक मारियो पाच मिनिटांच्या आत संपवतात, ते बघायला ठीक आहे, पण तुलना स्वतःच्या मागच्या वेळेशी करा नाहीतर दोन दिवसांत बंद कराल.

एक गेम जवळून: व्हाइस सिटीचा क्रम

नुसतं तोंडी बोलून उपयोग नाही म्हणून मी दरवर्षी जो क्रम लावतो तो सांगतो. पहिल्यांदा खेळणारा मिशनमागे मिशन करत जातो. परत खेळणाऱ्याने सुरुवातीचे दोन-तीन दिवस मिशन सोडून इतर कामं करायची, कारण त्याचं फळ पूर्ण गेमभर पुरतं.

अँब्युलन्सच्या बारा लेव्हल एका बैठकीत केल्या की टॉमी धावताना थकत नाही. पिझ्झा वाटण्याच्या दहा लेव्हल केल्या की तब्येत १५० पर्यंत जाते, पोलिसाच्या गाडीत बारा लेव्हल केल्या की बख्तर १५० पर्यंत. फायर ब्रिगेडच्या बारा केल्या की आगीने जळत नाही. टॅक्सीची शंभर भाडी केली की टॅक्सीला उडी मारता येते, ही मात्र सावकाश करा, एका दमात शंभर भाडी म्हणजे नोकरीच. लपवलेल्या शंभर पाकिटांमधली दर दहा सापडली की एक नवीन बक्षीस मिळतं, बख्तर, हत्यार वगैरे, म्हणून ती पण मिशनच्या आधी जेवढी मिळतील तेवढी.

आणि तो हेलिकॉप्टर. एव्हरी कॅरिंग्टनचं डिमोलिशन मॅन मिशन, टॉप फन व्हॅनमधून खेळण्यातला हेलिकॉप्टर उडवून बांधकामाच्या इमारतीत चार बॉम्ब ठेवायचे. या एका मिशनमुळे माझ्या ओळखीच्या निम्म्या पोट्ट्यांनी गेम तिथेच सोडला होता. सगळे काय करायचे, व्हॅनमधे बसले की घाबरून पहिला बॉम्ब उचलायचे, आणि मग घड्याळ सुरू. गंमत अशी की घड्याळ पहिला बॉम्ब उचलल्यावरच सुरू होतं. तोपर्यंत तुमच्याकडे वेळच वेळ आहे. रिकामा हेलिकॉप्टर आधी आत न्या, जिना कुठे आहे ते पाहा, प्रत्येक मजल्यावर फिरा, आणि तिथल्या माणसांना पंख्याच्या पात्यांनी आडवं करून टाका, म्हणजे नंतर कोणी त्रास द्यायला नाही. मगच पहिला बॉम्ब. शाळेत असताना हे मिशन मी तीस-चाळीस वेळा हरलो असेन, आता पहिल्या झटक्यात होतं आणि दर वेळी व्हॅनमधून उतरताना खुर्चीत उगाच ताठ बसतो.

शंभर टक्के करायचं की नाही यावर माझं मत: एकदा करा, दर वेळी नाही. ३६ उड्या, ३५ रॅम्पेज, १५ दुकानं लुटणं हे सगळं झालं की शेवटी अंगरक्षक मिळतात आणि "मी व्हाइस सिटी पूर्ण केली आणि मिळाला फक्त हा फालतू टीशर्ट" अशा अर्थाचा टीशर्ट मिळतो, गेम बनवणाऱ्यांनीच आपली खेचली आहे तिथे.

मॉड कधी

पहिला पूर्ण रिप्ले साध्या गेमवर करा, मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेले बदल, त्यानंतर. आधी शुद्ध गेमचं अख्खं फोल्डर कॉपी करून बाजूला ठेवा, मॉड त्या दुसऱ्या कॉपीत टाका, एका वेळी एक, आणि टाकला की चालवून बघा. दहा मॉड एकत्र टाकले आणि गेम उघडला नाही तर कोणता बिघडवून राहिला हे शोधण्यात रात्र जाते.

मॉडने जगवलेला गेम म्हणजे क्रिकेट ०७. २००६ च्या शेवटी आला, त्यानंतर त्या कंपनीने क्रिकेट बनवणंच सोडलं, तरी आपले लोक अजून नवीन टीम, नवीन जर्सी, आयपीएल टाकून खेळतात. ऑफला सरकून ऑनला फ्लिक मारायची ती फट आपल्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तिथे माझा नियम, एका ओव्हरमधे तो शॉट एकदाच. आमच्या जामठ्याच्या स्टेडियमवर भारत टेस्ट खेळत असला की मी तीच मॅच इथे लावतो, आणि माझी टीम बहुतेक तिसऱ्या दिवशी चहापर्यंत हरते.

आणि थांबायचं कधी

दोन वर्षांच्या आत तोच गोष्टीवाला गेम परत लावू नका, थोडं विसरायला वेळ द्या. जागेवाले वर्षाला एकदा चालतात. एका बैठकीला दोन तास, आणि उठताना वहीत एक ओळ, कुठे होतो आणि पुढे काय करायचं होतं. मधे आठ दिवस गेले तर ही एक ओळ गेम वाचवते, नाहीतर "हे कंट्रोल काय होते बे" म्हणून माणूस परत पहिल्यापासून सुरू करतो आणि सुरुवातच दहा वेळा खेळतो. ज्या दिवशी गेम लावायच्या आधी उसासा निघाला त्या दिवशी सेव्ह पेनड्राइव्हवर टाका आणि बंद करा, संपवलाच पाहिजे असं काही नाही, तो आधीच संपलेला आहे.

घरात लहान पोरं असतील तर व्हाइस सिटी त्यांच्यासमोर नको, तो मोठ्यांचा गेम आहे. त्यांना मारियो द्या, कॅप्टन क्लॉ द्या, मांजराच्या चौदा लेव्हल आहेत आणि बऱ्यापैकी कठीण आहेत.

भाच्याचं सांगायचं राहिलं. या मे मधे त्याने न विचारता आठवा स्लॉट घेतला. सकाळी मी, दुपारी तो. त्याने कधी हा गेम खेळलेलाच नव्हता, फोनवर कोणाचे तरी तुकडे पाहिले होते तेवढंच. परवा वादळाच्या इशाऱ्याने बंद असलेल्या पुलापाशी जाऊन उभा राहिला, गाडीने दोनदा धडकून पाहिलं, मग बोटीने जाता येईल का म्हणून किनारा धरून फिरून आला. मी मागे खुर्चीत. कोणतं मिशन केलं की पूल उघडतो ते माझ्या जिभेवर होतं, त्याने आरशात पाहिल्यासारखं मागे न वळताच म्हटलं, "सांगू नको हं मामा."

मी उठून कूलरमधे पाणी टाकायला गेलो.